वेल्श क्राइम ड्रामा बघा, आणि जमलं तर वेल्शमध्येच बघा (ब्रिटिशांतलं काय बघावं, काय सोडावं तेही लिहिलंय)

ब्रिटिश क्राइम सिरीजचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी शेरलॉकवरून सुटते ती लूथरवर जाऊन थांबते, मध्ये फार तर कुणीतरी ब्रॉडचर्चचं नाव काढतं. वेल्सचं नाव कुणी घेतच नाही. आणि मला ते खरंच खटकतं, कारण त्या बेटावर गेल्या दहाबारा वर्षांत ज्या पोलिसी मालिका झाल्या त्यातल्या माझ्या मनात सगळ्यात खोल रुतून बसलेल्या दोन वेल्समधल्या आहेत, हिंटरलँड आणि हिडन. वेल्श भाषेत त्यांची नावं वेगळी आहेत, अ ग्विल आणि क्राइथ, शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

आधीच सांगते, मी कोडं सोडवायला या मालिका बघत नाही. खुनी कोण ते कळल्यावरसुद्धा ज्या मालिकेत परत जावंसं वाटतं ती चांगली, एवढा साधा माझा हिशोब. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी भलताच निघाला म्हणून आपण थक्क व्हायचं आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराचं पुढे काय झालं ते कुणी विचारायचंच नाही, असल्या मालिका मी दोन एपिसोडांत बंद करते. खालचं सगळं त्या हिशोबाने लिहिलंय. आणि काळजी करू नका, शेवट कुठलाच फोडलेला नाही.

हिंटरलँड २०१३ मध्ये एस फोर सी या वेल्श भाषेच्या चॅनलवर आली, तीन सीझन झाले. जागा अ‍ॅबरिस्टविथ, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं युनिव्हर्सिटीचं गाव, आणि त्याच्या पाठीमागचा केरेडिगियनचा सगळा डोंगराळ भाग. टॉम मथायस (रिचर्ड हॅरिंग्टन) हा लंडनहून आलेला डीसीआय (डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर), राहतो कुठे तर एकट्या पडलेल्या एका कॅरावानमध्ये, आणि सकाळी उठून धावतो. त्याच्याबरोबर डीआय (डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर) मारेड रीस (माली हॅरिस), ती तिथलीच, तिला कुठल्या घरात काय शिजतंय ते माहिती असतं. पहिली गोष्ट डेव्हिल्स ब्रिजची आहे, तिथे खरोखरच एकाच दरीवर एकावर एक असे तीन पूल बांधलेत, जुना तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर नवा, आणि खाली धबधबा कोसळतोय. एक म्हातारी बाई गायब होते, ती पूर्वी तिथल्या बालगृहाची प्रमुख होती, आणि मग हळूहळू त्या बालगृहात काय काय झालं होतं ते वर यायला लागतं. ती जागा नुसती सुंदर दिसते म्हणून घेतलेली नाहीये. जुन्यावर नवं चढवत गेलेलं ते गाव, आणि तळाशी काय आहे ते सगळ्यांना माहिती पण बोलायचं कुणी नाही, हे त्या तीन पुलांतच दिसून जातं, कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही.

मथायसची चौकशी बघण्यासारखी आहे. तो आत येतो, बसतो आणि गप्प राहतो. समोरचा शेतकरी किंवा बाई काहीतरी ठरवून ठेवलेलं बोलते, तो मान हलवतो, मग परत शांतता, बाहेर वारा, आणि त्या शांततेतच समोरच्याचा धीर सुटतो. बाकीच्या मालिकांमध्ये टेबलावर फाइल आपटतात, आवाज चढवतात, इथे तसलं जवळजवळ काहीच नाही. पहिल्या सीझनच्या गोष्टी इंग्लिशमध्ये दीड-दीड तासाच्या आहेत आणि हो, संथ आहेत, कंटाळा येणाऱ्यांना येईल. मला त्यातलं खटकलं ते वेगळंच. मथायसचं स्वतःचं दुःख जरा जास्तच ताणलंय, दुसऱ्या सीझनमध्ये तर तो इतका कोलमडलेला दाखवलाय की याला अजून ड्युटीवर कसं ठेवलंय असं वाटायला लागतं, आणि मारेडसारखी भक्कम बाई असताना तिच्या घराला आणि तिच्या मुलीला त्या मानाने फारच कमी वेळ दिलाय. पण तिसऱ्या सीझनमध्ये पहिल्याच गोष्टीतला धागा परत हातात घेतलाय, साहेब लोकांमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय हा जो संशय सुरुवातीपासून येत असतो त्याचा निकाल लावलाय, आणि ते फार नीट जमलंय. त्यामुळे मधेच सोडू नका.

आता भाषेचं. हिंटरलँडचा प्रत्येक सीन दोनदा शूट केलेला आहे, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्लिशमध्ये, तेच नट, तीच खोली, तोच पाऊस. डबिंग नाहीये हे. एस फोर सीकडे पैसा कमी, बीबीसी वेल्सची भागीदारी हवी, बाहेरच्या देशांत विकायला इंग्लिश आवृत्ती हवी, म्हणून हा डबल खटाटोप, आणि तो फळाला आला कारण डेन्मार्कच्या सरकारी चॅनलने ती घेतली, ज्यांच्या क्राइम मालिकांनी सगळ्या युरोपला वेड लावलं होतं त्यांनी. आमच्यासारख्यांपर्यंत जास्त करून इंग्लिश आवृत्ती पोचते, त्यात मधूनमधून थोडी वेल्श ऐकू येते. पण वेल्श आवृत्ती सबटायटल्ससकट कुठे मिळाली तर तीच बघा. डोंगरावर जन्म काढलेली म्हातारा-म्हातारी आपल्या स्वयंपाकघरात एकमेकांशी इंग्लिश बोलतायत हे कानाला कुठेतरी टोचत राहतं, वेल्शमध्ये तीच माणसं एकदम आपल्या घरात बसल्यासारखी बसतात. नट तेच असूनसुद्धा.

आणि हे चॅनल काही असंच मिळालेलं नाही त्यांना. वेल्श चॅनल देऊ या शब्दावरून थॅचर सरकार फिरलं तेव्हा ग्विनफॉर इव्हान्स या नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषणाची धमकी दिली, सरकारने माघार घेतली आणि १९८२ मध्ये एस फोर सी सुरू झालं. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे १७.८ टक्के. एवढ्याशा लोकांच्या भाषेत हे लोक जगाला विकता येईल अशी पोलिसी मालिका करतात. आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होतो. आपल्याकडे लेखक आहेत, नट तर एकाहून एक आहेत, आणि जागा म्हणाल तर घाटमाथ्यावरचं एखादं तालुक्याचं पोलीस स्टेशन, चार महिने धो धो पाऊस, धरणाखाली गेलेलं गाव, जमिनीचे वाद, मुंबईला गेलेली आणि न परतलेली माणसं, अजून काय पाहिजे? अशी एक मालिका मराठीत, तिथल्या बोलीत, घाई न करता केलेली, मला मनापासून बघायची आहे.

हिडन, म्हणजे क्राइथ, मला हिंटरलँडपेक्षाही वरची वाटते. ही २०१८ ची, तीन सीझन, उत्तर वेल्स, स्नोडोनियाचे डोंगर आणि पाटीच्या दगडाच्या खाणी. त्या खाणींच्या प्रदेशाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलंय, पण मालिकेत तो पोस्टकार्डसारखा येत नाही, काळ्या दगडाचे ढिगारे घरांच्या परसापर्यंत आलेले दिसतात आणि त्या घरांत कामधंदा नसलेली पोरं बसलेली असतात. डीआय कॅडी जॉन (शान रीस-विल्यम्स) आजारी वडलांसाठी गावी परत आलेली, वडील स्वतः रिटायर्ड पोलीस. पहिल्या सीझनमध्ये नदीत एका तरुणीचं प्रेत सापडतं आणि गंमत म्हणजे हे कुणी केलं ते आपल्याला जवळजवळ लगेच दाखवून टाकतात. डिलन हॅरिस. जंगलातल्या एका घरात राहतो, आई आणि छोटी मुलगी. म्हणजे कोण हा प्रश्नच काढून घेतला, मग उरलं काय? उरतं ते त्या घराचं दार. त्या आईचं (गिलियन एलिसा) काम बघा तुम्ही. ती ओरडत नाही फारशी, नुसती एका वाक्यात त्या आडदांड मुलाला लहान पोर करून टाकते आणि आपल्याला एकाच वेळी त्याची भीतीही वाटते आणि त्याचं काहीतरी तुटलेलंही दिसतं. रोड्री मेलिरने तो डिलन असा केलाय की तो कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असला तरी अंगावर काटा येतो. कीव करा असं मालिका एकदाही म्हणत नाही हं, ज्या मुलीला त्याने कोंडलंय ती, तिची चिकाटी, तिचं डोकं चालवणं, त्याला पूर्ण जागा दिलीये, आणि म्हणूनच ते सहन होतं.

दुसऱ्या सीझनमध्ये ब्लायनाय फेस्टिन्योग, खाणीचं गाव, एक रिटायर्ड शिक्षक घरात मेलेला सापडतो आणि गोष्ट तीन अल्पवयीन-तरुण पोरांभोवती फिरते. इथेही कोण ते लपवलेलं नाही, का ते हळूहळू उलगडतं. मला तिन्ही सीझनमध्ये हा सगळ्यात जास्त भिडला कारण त्यात राक्षस कुणीच नाही, एक जण दुसऱ्याच्या मागे फरपटत जातो आणि मग मागे फिरायला रस्ता उरत नाही. तिसरा सीझन शेतावरच्या दोन भावांचा आहे, तो थोडा लांबलाय, एक एपिसोड कमी असता तरी चाललं असतं.

कीपिंग फेथ (वेल्शमध्ये ईन बोरे मेरखेर) खूप जण सुचवतील. २०१७ ची. नवरा सकाळी ऑफिसला म्हणून निघतो आणि परत येत नाही, बायको वकील, बाळंतपणाच्या रजेवर, तीन मुलं, पिवळा रेनकोट घालून गावभर त्याला शोधत फिरते. ईव्ह माइल्सला वेल्श येत नव्हती, या भूमिकेसाठी ती शिकली, आणि नवऱ्याचं काम तिच्या खऱ्या नवऱ्यानेच केलंय. पहिला सीझन जरूर बघा, लार्नची खाडी, एमी वॉजची गाणी आणि ईव्ह माइल्सचा चेहरा, पहिल्या तीन एपिसोडांत जीव टांगणीला लागतो. पण पुढे, कसं सांगू, गुंता वाढवायचा म्हणून वाढवलाय, दर एपिसोडला नवीन गुंड, नवीन गुपित, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सीझनमध्ये तर चांगल्या बाईची अक्षरशः माती केलीये. फेथसारखी हुशार वकील इतके अविचारी निर्णय घेईल हे पटतच नाही.

खऱ्या केसेसवरच्या दोन छोट्या मालिका मात्र एका वीकेंडात होतात. द पेम्ब्रुकशायर मर्डर्स (२०२१, तीन भाग) जॉन कूपरची केस. १९८५ आणि १९८९ मध्ये दोन-दोन खून, आणि शिक्षा २०११ मध्ये. यातला पुरावा ऐकून माझा विश्वास बसत नव्हता, हा माणूस १९८९ मध्ये बुल्सआय नावाच्या टीव्हीवरच्या गेम शोमध्ये स्पर्धक म्हणून गेला होता, आणि त्या वेळी तो नेमका कसा दिसत होता ते त्या टेपवरून साक्षीदाराच्या वर्णनावरच्या चित्राशी ताडून बघता आलं. लूक इव्हान्सने पोलीस अधिकारी फार संयमाने केलाय, पण तीन भागांत सगळं बसवायचं म्हणून ज्यांची माणसं गेली ती कुटुंबं जवळजवळ येतच नाहीत, माझ्या हिशोबात तिथे मार्क कापले.

स्टीलटाउन मर्डर्स (२०२३, चार भाग) तिथेच भरून काढते. पोर्ट टॅल्बट आणि नीथच्या भागात १९७३ मध्ये तीन तरुण मुलींचे खून झाले, खुनी सापडला नाही. २००० नंतर केस परत उघडली, डीएनए हाताशी होता पण डेटाबेसमध्ये जुळणारं कुणीच नाही. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की तो नसेल, त्याचा मुलगा तर नसेल ना डेटाबेसमध्ये? आणि अर्धा जुळणारा नमुना एका गाडीचोराचा निघाला. बाप जोसेफ कॅपन १९९० मध्येच मेलेला, २००२ मध्ये कबर उघडून खात्री केली. मालिका १९७३ आणि २००२ अशा दोन काळांत मागेपुढे जाते, तेच पोलीस तरुण आणि म्हातारे, आणि सगळ्यात जड जातं ते मुलींच्या घरच्यांना बघणं, तीस वर्षं त्याच रस्त्यावर, त्याच दुकानात, आपल्यातलाच कुणीतरी आहे हे माहिती असून जगलेले लोक. मागे सतत दिसतो तो पोलादाचा कारखाना २००७ पासून टाटांकडे आहे, तिथली शेवटची ब्लास्ट फर्नेस २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली, त्यामुळे आता ही मालिका बघताना त्या गावाबद्दल अजूनच वाईट वाटतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक गोष्ट सुरुवातीला विचित्र वाटेल ती सांगून ठेवते. या सगळ्या मालिकांत चौकशी म्हणजे एका बंद खोलीत चार खुर्च्या, रेकॉर्डर चालू, आरोपीच्या शेजारी वकील, आणि आरोपी सरळ नो कॉमेंट, नो कॉमेंट म्हणत बसतो. कानफटात नाही, उलटं टांगणं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये आरोप न ठेवता साधारणपणे २४ तासच कोठडीत ठेवता येतं, वरच्या अधिकाऱ्याने परवानगी दिली तर गंभीर गुन्ह्यात ३६, आणि मॅजिस्ट्रेटकडे गेलं तर जास्तीत जास्त ९६, म्हणून ते सारखे घड्याळाकडे बघतात. शिवाय बहुतेक पोलिसांकडे बंदूकच नसते. हे एकदा डोक्यात बसलं की साध्या साध्या सीनमध्ये ताण जाणवायला लागतो, कारण दारावर थाप मारणाऱ्या पोलिसाकडे दंडुका, स्प्रे, रेडिओ असलं किरकोळ सोडून बहुतेक वेळा काही नसतं.

आणि इथे हॅपी व्हॅलीचं नाव घ्यायलाच पाहिजे. ही इंग्लंडची, यॉर्कशायरची, काल्डर व्हॅली, सॅली वेनराइटने लिहिलेली, सीझन २०१४, २०१६ आणि मग थेट २०२३. एकच मालिका बघणार असाल तर ही. सारा लँकेशरची कॅथरीन केवूड ही युनिफॉर्ममधली सार्जंट आहे, डिटेक्टिव्ह नाही. पहिल्याच सीनमध्ये मुलांच्या खेळाच्या मैदानात एक नशेतला पोरगा अंगावर पेट्रोल ओतून लायटर हातात घेऊन बसलाय, आणि ही बाई फायर एक्स्टिंग्विशर घेऊन, डोळ्यांवर गॉगल चढवून त्याच्याजवळ जाते आणि त्याला स्वतःचं वय, घटस्फोट, व्यसनातून बाहेर पडणारी बहीण, दोन मुलांपैकी एक गेलेलं आणि एक बोलत नसलेलं, नातू, हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकते. दोन मिनिटांत आख्खी बाई उभी! पुढे तीन सीझन त्यातल्या प्रत्येक शब्दाची किंमत आपल्याला कळत जाते. तिसऱ्या सीझनचा शेवट एका स्वयंपाकघरात टेबलाशी बसून झालेल्या बोलण्यावर येतो, पाठलाग नाही, आणि इतका तणाव मी कुठल्याच पाठलागात बघितलेला नाही.

लाइन ऑफ ड्यूटीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. पोलिसांमधल्या भ्रष्टाचाराचा तपास करणारी तुकडी, एसी-१२, आयडिया एक नंबर, पहिले तीन सीझन दमदार, दुसऱ्या सीझनमध्ये कीली हॉजने डेंटन केलीये ती तर विसरता येत नाही, आणि त्या लांबच लांब चौकशा, रेकॉर्डरचा तो बीप सुरू झाला की श्वास रोखला जातो. पण नंतर सगळा जोर मोठा मासा कोण याच्यावर गेला आणि माणसं प्यादी झाली. २०२१ चा शेवटचा एपिसोड ब्रिटनमध्ये सव्वा कोटीच्या वर लोकांनी बघितला आणि त्यातले कितीतरी चिडले. मला ते उत्तर तत्त्वतः पटतं, पण तिथपर्यंत नेणारा रस्ता फार फिरवाफिरवीचा होता.

अनफरगॉटन मात्र डोळे झाकून घ्या. निकोला वॉकर आणि संजीव भास्कर, दर सीझनला जुनं प्रेत, आणि चार-पाच अनोळखी माणसं जी आता सभ्य संसारात आहेत. दोघेही पोलीस सभ्य, दमलेले, एकमेकांची काळजी घेणारे, आणि मेलेल्या माणसाला नाव परत मिळवून देणं हेच त्यांना महत्त्वाचं. चौथ्या सीझननंतर निकोला वॉकर मालिकेतून बाहेर पडली, पाचव्यात शिनेड कीनन आली, सवय व्हायला वेळ लागतो पण लिखाण पडलेलं नाही. ब्रॉडचर्चचा पहिला सीझन (२०१३) अप्रतिम, ऑलिव्हिया कोलमनसाठी तरी बघाच, दुसरा कोर्टात गेला आणि भरकटला, तिसरा परत सावरलाय. व्हेरा २०११ पासून २०२५ पर्यंत चालली, ब्रेंडा ब्लेथिनची टोपी आणि रेनकोट, नॉर्थम्बरलँडचा किनारा, दर भागाला वेगळी गोष्ट, त्यामुळे कुठूनही सुरू करा. शेटलंड डग्लस हेनशॉल असेपर्यंत बघितली, पुढची अजून बघायची आहे.

क्रम विचाराल तर हॅपी व्हॅली, मग हिडनचा पहिला आणि दुसरा, मग हिंटरलँड सावकाश, आठवड्याला एक गोष्ट, सलग बघू नका, अंधार साठत जातो. आणि सबटायटल्सना घाबरून वेल्श आवृत्ती टाळू नका, दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.